चवीचं ताट

आता सगळं निवळलंय म्हणून सांगते, नाहीतर मी तोंड उघडलं नसतं. आमच्या थोरल्या जाऊबाई सोळा वर्षं निरीक्षणगृहात स्वयंपाक करतात आणि मी नऊ वर्षं त्यांच्या हाताखाली. गुन्ह्याचा आरोप असलेल्या अठराच्या आतल्या पोरांना निकाल लागेपर्यंत ठेवतात, ती ही जागा. साठ पोरं, दोन मोठ्या शेगड्या आणि वाढायला एक खिडकी. कोणी काय केलं ते स्वयंपाकघरात आणायचं नाही, हा जाऊबाईंचा नियम. मला मेलीला चौकशा फार. "ताई, तो नवा आलाय ना, त्याने म्हणे सख्ख्या मामाचं डोकं फोडलं," असं मी म्हटलं की त्या पळी उगारायच्या. "तो पाव किती खातो तेवढं सांग. डोक्याचं कोर्ट बघून घेईल."

दुसरा नियम सरकारी. जेवण शिजलं की स्वयंपाकिणीने त्यातलं एक ताट आधी स्वतः खायचं, तेही खिडकीशी बसून, पोरांना दिसेल असं. मग अर्धा तास थांबायचं, वहीत सही करायची आणि त्यानंतरच वाढायचं. याला आम्ही चवीचं ताट म्हणतो. नवीन पोरगं भेदरलेलं असतं, त्याला जुनी पोरं पहिल्याच दिवशी सांगतात, "बिनधास्त खा रे, मोठ्या काकू आधी खातात." जाऊबाई रोज तिथे बसून मिटक्या मारत खायच्या. मीठ कमी पडलं तर स्वतःलाच शिव्या द्यायच्या आणि पोरं हसायची.

गेल्या महिन्यात एका सोमवारी शाळा सुटताना आमच्या ढब्बूच्या पोटात सुरी बसली. ढब्बू म्हणजे जाऊबाईंचा एकुलता एक, चौदा वर्षांचा. आणि मारणारा कोण, तर काडी! अंगाने काडीच, म्हणून काडी. वय तेरा. तिसरीपासूनचा ढब्बूचा जिगरी दोस्त, जाऊबाईंच्या हातचं शंभरदा जेवलेला. घरातली भाजी चिरायची सुरी त्याने दप्तरातून नेली होती. दोन ठिकाणी आतडं शिवावं लागलं. माझ्या तर काळजाचं पाणी पाणी झालं.

गुरुवारी जाऊबाई कामावर आल्या. अतिदक्षता विभागात संध्याकाळीच दहा मिनिटं आत सोडायचे. दिवसभर बाहेरच्या बाकावर बसून त्यांना वेड लागायची पाळी आली होती. दीर म्हणाले, मी बसतो, तू जा, हात चालू दे. दुपारी मी खिडकीतून ताटं देत होते. रांगेत पुढे कोण उभं? काडी. आमच्याच इथे आणून ठेवलेला! ऑफिसला आमचं नातं ठाऊक नव्हतं. ज्याला मारलं त्याचं नाव कोर्टाच्या बंद फाइलीत असतं. काडीने माझ्याकडे पाहिलं, माझ्यामागे भात काढणाऱ्या जाऊबाईंकडे पाहिलं आणि ताट न घेताच निघून गेला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, "ताई, आत्ताच्या आत्ता साहेबांना सांगू या."

"काही सांगायचं नाही," त्या म्हणाल्या. "मला घरी बसवतील. घरी बसले तर मी मरेन."

मी मूग गिळून गप्प बसले. त्याच दिवशी रात्रीच्या जेवणाला त्यांनी चवीचं ताट वाढून घेतलं, बोटं भाताला लावली आणि ताट माझ्याकडे सरकवलं. "तू खा गं. मला जात नाही." पोरगं मरणाच्या दारात असताना आईला घास कसा जाईल? मी खाल्लं. पण खिडकीशी नाही, मागे शेगडीजवळ उभ्या उभ्या. खिडकीशी बसले असते तर सही एकीची आणि खाणारी दुसरी, हे सगळ्यांनी पाहिलं असतं. शुक्रवारी तेच, शनिवारी तेच.

शुक्रवारी संध्याकाळी डॉक्टरांनी धोका टळला म्हणून सांगितलं आणि आमचा जीव भांड्यात पडला. मी घरी येऊन चार माणसांचं जेवले. ढब्बू बोलायला लागला, आणि आधी बोलला ते काय! त्याने आणि वर्गातल्या तिघांनी काडीला मोरीपाशी गुडघ्यावर बसवलं होतं, त्याच्याकडून बूट पुसून घेतले होते आणि त्याचा व्हिडिओ काढून शाळाभर फिरवला होता. मोबाइल ढब्बूच्या हातात होता. म्हणजे आमचं पोरगंही काही धुतल्या तांदळासारखं नव्हतं. म्हणून काय पोटात सुरी घालायची? ते बरोबर झालं असं मी आजही म्हणणार नाही. पण जाऊबाईंनी ऐकलं आणि तशाच भिंतीकडे बघत बसल्या.

शनिवारी मी खूश होऊन म्हटलं, "आता तरी जेवा." पण त्यांनी ताट माझ्याकडे सरकवलंच.

इकडे काडीही जेवत नव्हता. सकाळी केळं घ्यायचा, उकडलेलं अंडं घ्यायचा, तेही टरफल तडकलेलं असेल तर परत ठेवायचा. भात, भाजी, रस्सा कशाला हात नाही. मी म्हटलं, राहू दे उपाशी, भूक लागली की झक मारत खाईल! पण रविवारी सकाळी कवायतीला तो उभा होता तिथेच आडवा झाला. साहेब स्वयंपाकघरात आले. "हा पोरगा उद्या सकाळपर्यंत जेवला नाही तर दवाखान्यात न्यायचा आणि वर कळवायचं. मग चौकशी होईल, तुमच्या वह्यांसकट." वह्यांत जाऊबाईंच्या सह्या, आणि खाल्लं मी. त्यात तो ढब्बूला मारणारा आहे हे बाहेर आलं, तर लोक काय म्हणतील ते वेगळं सांगायला नको. नोकरी गेली असती ती गेलीच, वर तुरुंगाची भीती.

मी तडक काडीच्या खोलीत गेले. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता.

"काय रे, जेवायला काय धाड भरलीय तुला?"

तो हळूच म्हणाला, "मोठ्या काकू खात नाहीत. मी तीन दिवस बघतोय. सगळे म्हणतात आधी त्या खातात. त्या बसतच नाहीत खिडकीत."

मला आधी कळेचना. कळलं तेव्हा डोकंच सणकलं. एवढी माया लावली या पोराला आणि हा विषाची शंका घेतोय! पाय आपटत मी स्वयंपाकघरात आले आणि सगळं जाऊबाईंच्या कानावर घातलं. वर दोन शिव्याही घातल्या. मला वाटलं, त्या पळी घेऊन धावतील.

त्या बटाटे सोलत होत्या. सुरी खाली ठेवली. "बरोबर ओळखलं गं त्याने," म्हणाल्या.

"काय बोलताय?"

"गुरुवारी त्याला रांगेत बघितलं आणि मी कोठीत गेले. उंदराच्या औषधाची पुडी हातात घेतली. फोडलीसुद्धा. किती वेळ उभी होते देव जाणे. मग मोरीत ओतली आणि नळ सोडला." त्या स्वतःच्या हातांकडे बघत होत्या. "तेव्हापासून माझ्या हातचं मलाच गिळवत नाही. पोराच्या काळजीने नव्हे. हात धुते, पुन्हा धुते, तरी नाही. साठ पोरांना मात्र वाढते."

इतकी वर्षं बघते मी या बाईला, मुंगीवर पाय पडला तरी हळहळते. मला रडूच फुटलं. त्या रडल्या नाहीत. उठल्या, कोपरापर्यंत हात धुतले, मूठभर तांदूळ निवडून वेगळा भात टाकला आणि थोडा बटाट्याचा रस्सा केला. एकच ताट वाढलं. आणि सोळा वर्षांत पहिल्यांदा स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडून जेवणघरात गेल्या. काडीला बोलावून घेतलं होतं. त्या त्याच्यासमोर बाकावर बसल्या आणि ताट मधोमध ठेवलं.

पहिला घास तोंडात घातला. नुसताच घोळवत राहिल्या. डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, आता थुंकतात. गिळला. दुसरा घेतला. मग ताट त्याच्याकडे सरकवलं. "आता तू."

अर्धा तास थांबायचा नियम, पण काडी थांबला नाही. खाली मान घालून बकाबका खायला लागला, हाताला भाजलं तरी. मधेच थांबून म्हणाला, "ढब्बू जेवतो का?"

"पातळ पेज पितो कालपासून. आणि चव नाही म्हणून माझ्यावरच ओरडतो."

काडीला हसू आलं आणि हसताहसता हुंदका. नाक मनगटाने पुसत तो म्हणाला, "काकू, मी आज जेवणारच होतो. तुम्ही खाल्लं नसतं तरी. काल ठरवलं होतं, घातलं असेल तर घातलं असेल."

पुढचा घास घ्यायला गेलेला जाऊबाईंचा हात ताटातच राहिला. मग त्यांनी त्याच हाताने, भाताने बरबटलेल्या, त्याच्या टाळक्यात एक टपली मारली. "मेल्या, गप जेव," म्हणाल्या, आणि पुढचा घास उचलला. चांगला मोठा.