कुणी उभं असलं तरच

कोपरखैरण्याच्या भाड्याच्या खोलीत आम्ही राहायला गेलो तेव्हा ती तिथे आधीपासूनच होती. राखाडी मांजर, एक कान जरासा फाटलेला. खिडकीत बसून तिने आमचं सगळं सामान वर येताना पाहिलं आणि शेवटी गादीच्या वळकटीवर जाऊन झोपली. आधीच्या भाडेकरूंनी तिला मागे ठेवलं की तिनेच जायला नकार दिला, हे कधी कळलं नाही.

मी लहान गावातून शिकून आलेली, घरातली पहिली पदवीधर. तुर्भ्याच्या एका कंपनीत ऑफिसात नोकरी मिळाली होती. संध्याकाळी कुलूप उघडलं की ही दारात बसलेली असे. नव्या शहरात कुणीतरी आपली वाट पाहतंय, एवढ्यानेही मला रोज भरून यायचं.

पुढे नवऱ्याने कंपनीच्या गेटवरून एक पिवळं पिल्लू आणलं, तेव्हापासून ती थोरली आणि तो धाकटा. धाकट्याला कुकरची फार भीती. पहिली शिट्टी झाली की कपाटाखाली, आणि वरण ताटात पडलं की सर्वांत आधी हजर. मासे दिले तरी तो आमच्या ताटातल्या भाकरीचा पापुद्राच मागे. थोरलीचं सगळं वेगळं. पाणी वाटीतलं नाही, गळत्या नळाचं. मांडीवर बसायचं नाही, पण मी भाजी निवडत असले की एक पंजा माझ्या पावलावर ठेवायचा. रागावलं की तोंड भिंतीकडे. आणि मुख्य म्हणजे, जवळ कुणी उभं असल्याशिवाय जेवायचं नाही. वाटी ठेवून मी वळले की तीही वळे. नवरा म्हणायचा, ही मागच्या जन्मी लग्नातली विहीण असणार, आग्रह केल्याशिवाय घास घेत नाही.

घरमालकीण खाली राहायची. मूळची कोपरखैरणे गावातलीच. शेतं गेली, त्या जागी या खोल्या उभ्या राहिल्या. आम्ही तिला मावशी म्हणायचो. मांजरांवर तिचा राग होता. जिन्यात केस पडतात, वाळत टाकलेल्या सुकटीवर डोळा असतो, असं ती येताजाता ऐकवायची. थोरलीला तर भवानी म्हणूनच हाक. माझ्यावर मात्र जीव होता. पहिल्या वर्षी नवऱ्याला रात्रपाळी असे. मी एकटी जेवायला बसले की मावशी पाणी आलं का विचारायला वर यायची आणि माझं ताट संपेपर्यंत चौकटीला टेकून उभी राहायची. मला वाटे, तिला बोलायला कुणी नसेल.

मग आम्ही नावड्याला स्वतःचा फ्लॅट घेतला. निघायच्या आधी मी मावशीला विचारलं, थोरलीला नेऊ का. ती खाडीचे मासे साफ करत होती. मान वर न करता म्हणाली, “न्या नं. मना काय करायची? पन मांजर घराचं असतं पोरी, मानसाचं नाय.”

हे तर माझी आईही फोनवर सांगत होती. मांजर जुन्या घराकडे परत पळतं, म्हणून तिला गोणीत घाल, वाट दिसू देऊ नकोस, नव्या घरी पायांना तूप लाव, चाटून चाटून तिथलीच होईल. गोणीऐवजी आम्ही झाकणाची टोपली घेतली, बाकी सगळं आईने सांगितलं तसं केलं. निघताना मावशीने सुकटीची पुडी हातात दिली आणि आत गेली. टेम्पो हलेपर्यंत बाहेर आली नाही.

नव्या घरी धाकट्याने तासाभरात कपाटाखालची जागा शोधली. थोरली वॉशिंग मशीनच्या मागे गेली ती तिथेच. पायाचं तूप तसंच. मी वाटी घेऊन शेजारी उभी राहिले, बसले, आडवी झाले. सुकट भाजून ठेवली. घरभर वास सुटला, पण तिने वासही घेतला नाही. डॉक्टरांनी तपासलं, म्हणाले, आजार काही नाही, पण असंच उपाशी राहिली तर जगणार नाही.

घर लावायला मी रजा काढली होती. त्या दुपारी मावशीचा फोन आला. मी डबे पुसत होते, म्हणून स्पीकरवर लावला. घरात उजेड किती, पाणी किती वेळ, सगळी चौकशी झाली. मग मी सांगितलं की थोरली जेवत नाही. पलीकडून आवाज आला, पण माझ्यासाठी नव्हे.

“का गो भवाने? जेव. मी उभी हाय.”

मशीनच्या मागून थोरली बाहेर आली. फोनपाशी बसली. मी वाटी सरकवली आणि तिने खायला सुरुवात केली. मावशी पलीकडून बोलत राहिली, हळूहळू, वाटी रिकामी होईपर्यंत.

“मावशी, ती तुमच्याकडे जेवायची?”

“दुपारची. तुमी दोघं कामाला. एकटीला जेवन जातं काय?”

मला माझी पहिल्या वर्षातली ताटं आठवली.

त्यानंतर मावशी रोज दुपारी फोन करायची. थोरली जेवायची. पण जेवण झालं की ती फोनच्या मागे जाऊन बघे, मग दारामागे, मग पुन्हा फोनच्या मागे. जुनं घर तिने कधीच शोधलं नाही. मला ती या घरात हवी होती. आमच्या पहिल्या हक्काच्या घरात, दारात बसलेली. तिला फोनमागे शोधताना बघत मी एक आठवडा काढला, आणि रविवारी टोपली काढली.

मावशी तिच्या दारातल्या ओट्यावर बसली होती. टोपली उघडली तशी थोरली उतरली आणि मावशीच्या पावलावर एक पंजा ठेवून बसली. मला वाटायचं, तो पंजा फक्त माझ्यासाठी होता. मावशी म्हणाली, जिन्यात आता परत केस. आणि पदराने डोळे पुसले.

मग तिने दोन ताटल्या वाढल्या. एकीत माशाचं डोकं, एकीत माझ्यासाठी भात आणि कालवण. मी नको म्हणाले नाही. आम्ही दोघी खाली मान घालून जेवत होतो आणि मावशी चौकटीला टेकून उभी होती.