वळणापर्यंत उभी राहा

बायको गेली त्याला पाच महिने झाले. मी अजून रडलेलो नाही. पुण्याहून फोन येतात, "मोकळा हो रे, एकदा रडून घे." अरे, रडू म्हणजे काय नळ आहे, सोडला की आलं? मी ऑफिसला जातो, वरणभाताचा कुकर लावतो, कपडे वाळत घालतो. आत काही म्हणजे काही हलत नाही. त्याचीच भीती वाटते. इतक्या वर्षांचा संसार, आणि हा माणूस ठोकळ्यासारखा कोरडा!

इथे सिंगापूरला, बुकित पंजांगमध्ये, आमच्या ब्लॉकसमोर बास्केटबॉल कोर्ट आहे. तिथे शनिवारी सकाळी दहाबारा चिनी आंटी रांगा करून नाचतात. त्यांच्यात आमची ही एकटी मराठी असायची. शेवटचं गाणं ठरलेलं, एक जुनं अमेरिकन कंट्री गाणं. शेतावर निघालेला नवरा बायकोला म्हणतो, मी वळणाआड होईपर्यंत दारात उभी राहा. बस, एवढंच मागणं.

"हे कसलं डोंबलाचं प्रेमगीत?" मी म्हणायचो. "ना चंद्र, ना जीव देणं."

"म्हणूनच तर टिकलंय. चंद्र कोण आणून देणार रोज? दारात उभं राहता येतं. पण तुला नाही कळायचं."

मी पहिल्यापासून खवचट. सातव्या मजल्यावरच्या कॉरिडॉरमधून तिचा नाच न चुकता बघायचो, पण वाळत घातलेल्या चादरीमागून. तिला दिसलो असतो तर "आवडतं ना, मग कबूल कर की" म्हणून आठवडाभर डोकं खाल्लं असतं.

मग एका शनिवारी तिच्या शेजारी नाचणारी आंटी दारात येऊन उभी राहिली. "कम डाऊन. लास्ट साँग ओन्ली." नाही म्हणायलाही जोर लागतो. तो नव्हता, म्हणून गेलो.

बायकोच्या जागी, दुसऱ्या रांगेत डावीकडे उभा राहिलो. गाणं लागलं. बघून बघून स्टेप्स पाठ झाल्या होत्या. दोन पावलं उजवीकडे, एक मागे, टाळी, गर्रकन वळून तोंड ब्लॉककडे आणि मान वर. वर आमचा कॉरिडॉर, दोरीवर माझा एक शर्ट. प्रत्येक कडव्याला मी मान वर केली. बाकी कोणीच करत नव्हतं.

गाणं संपल्यावर आंटीला इंग्रजीत विचारलं, "वळल्यावर वर बघायचं ना? ती बघायची."

"नो लाह. दॅट वन नॉट स्टेप," आंटी म्हणाली. "शी लुकिंग फॉर यू. एव्हरी वीक, ओन्ली बेडशीट."

"अगं, होतो मी तिथे," मी मराठीतच ओरडलो. "चादरीमागे होतो!"

आणि त्या कोर्टवर, सगळ्या आंटींच्या मधोमध, मला भडभडून आलं.