एकाही पानावर डाग नको

आमचे हे चाकणच्या एका कंपनीत तपासणी विभागात होते. सुट्या भागावर केसाएवढा चरा दिसला तरी माल परत पाठवणारा माणूस. निवृत्त झाल्यावर ती सगळी तपासणी घरावर आली: पोळीची कड, नळाची गळती, माझा चहा. अशा माणसाला कुणी "गोळ्या चुकवल्या असतील" म्हटलं की माझ्या तळपायाची आग मस्तकाला जाते.

तरुणपणी ह्यांना क्षय झाला होता. तो बरा झाला, पण फुप्फुसात एक पोकळी ठेवून गेला. गेल्या वर्षी त्या पोकळीत बुरशी धरली. थुंकीतून रक्त पडलं तेव्हा कळलं. डॉक्टरांनी बुरशीवरच्या गोळ्या दिल्या, ह्यांनी त्या घड्याळ लावून घेतल्या, आणि खोकला वाढतच गेला. मग उलटतपासणी सुरू झाली. शेजारी म्हणाले, कोर्स अर्धवट सोडला असेल. नणंद म्हणाली, पथ्य मोडलं असेल. दवाखान्यातल्या शिकाऊ डॉक्टरनेही तेच विचारलं. चोर सोडून संन्याशाला फाशी!

शेवटी बेडका मोठ्या प्रयोगशाळेत गेला, आणि मोठ्या डॉक्टरांनी आम्हाला बसवून सांगितलं, "काकू, काकांनी काही चुकवलेलं नाही. ही बुरशी आत शिरली तेव्हाच औषधाला सरावलेली असावी. शेतात बुरशीनाशकं मारतात ना, त्यातली काही या गोळ्यांच्याच जातकुळीतली असतात. फवारलेला पाला कुजतो तिथे वाढणारी बुरशी मग गोळ्यांनाही दाद देत नाही. तुमच्यात कुणाची शेती आहे?"

आहे ना. माझ्या भावाचं चाकणजवळ गुलाबाचं पॉलिहाउस आहे. पानांवर भुरीचे पांढरे डाग दिसोत न दिसोत, फवारणी ठरलेली. छाटलेल्या फांद्या, पानं, नासलेली फुलं, सगळं बांधावर ढिगात कुजतं, आणि त्याच खताचं पोतं दर भाऊबीजेला माहेरची माती म्हणून सांगवीला आमच्या गच्चीवरच्या कुंड्यांसाठी येतं. हे ते हातांनी मोकळं करायचे, नाकातोंडात धूळ जाईपर्यंत. बुरशी त्या पोत्यातूनच आली असं डॉक्टरही छातीठोकपणे सांगेनात. हवेतून कुठूनही येते, म्हणाले. म्हणून काय मी रागावूच नये? पानावर डाग नको म्हणून माणसाचं औषध मातीत ओतायचं, आणि ते निकामी झालं की आजाऱ्यालाच दोष द्यायचा, ही कुठली रीत?

आता दवाखान्यात जाऊन सलाइनमधून दुसरं औषध घ्यावं लागतं. त्याने मूत्रपिंडांवर ताण येतो. तेही लागू पडलं नाही तर काय, हे विचारायचं धाडस मला झालेलं नाही.

यंदाच्या भाऊबीजेला भाऊ पोतं घेऊन आला. मी ते दारातूनच परत गाडीत ठेवायला लावलं. ओवाळून झाल्यावर तबक पुढे धरून म्हटलं, "यंदा साडी नको. ती फवारणी आणि तो ढीग बंद कर, हीच माझी ओवाळणी."

"अगं ताई, पानावर एक डाग दिसला तर व्यापारी हात बी लावत न्हाई," तो म्हणाला. "दाजींसाठी जीव तुटतो माझा. पण लगीनसराई तोंडावर हाय. ती झाली की बघू."

आतल्या खोलीत ह्यांना खोकल्याची उबळ आली. थांबता थांबेना.

"तोवर दाजींनी श्वास घ्यायचा नाही का?" मी विचारलं.

त्यानं खाली बघत साडी तबकात ठेवली.