आक्कांची आतली खोली

आमच्या थोरल्या जाऊबाई, आक्का, घरात चालताना पावलाचा आवाज होऊ देत नसत. मी दौंडची, रेल्वेच्या चाळीत वाढलेली. इंजिनाच्या शिट्ट्यांवर आवाज चढवूनच आम्ही एकमेकांशी बोलायचो. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला लग्न होऊन इनामगावला आले. पहिल्याच दुपारी पैंजण वाजवत आतल्या खोलीतून कळशी आणायला निघाले, तेव्हा आक्कांनी माझा हात धरला.

"हळू चाल. उठत्याल."

मी खोलीत पाहिलं. ज्वारीची कणगी, एक बाज, खुंटीला अडकवलेला विळा. निजलेलं कुणीच नव्हतं.

"कोण उठतील?" मी विचारलं.

"कळंल तुला," असं म्हणून त्या चुलीकडे निघून गेल्या.

एरवी आक्का चारचौघींसारख्याच होत्या. भाकरी थापताना गाणं म्हणायच्या, म्हशीला शिव्या द्यायच्या, माझ्या दौंडी बोलण्याची नक्कल करून मला हसवायच्या. पण दुपारी जेवणं उरकली, की आतल्या खोलीच्या एका कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन बसत आणि मान किंचित कलती करत. शेजारच्या घरात मूल रडतंय का, हे आपण जसं कान देऊन ऐकतो, तसं. मी आत गेले तर ओठांवर बोट ठेवत. मी भ्यायले होते, हे खरं आहे. सासरी नवी, कुणाला काय विचारायचं तेही ठाऊक नव्हतं.

शेवटी नवऱ्यानं सांगितलं. आक्कांची मुलं जगत नव्हती. जन्मायची चांगली, रडायची, अंगावर प्यायचीही. मग आठवडा उलटायच्या आत दूध सोडायची, जबडा आवळायचा, एवढंसं अंग कमानीसारखं ताठ व्हायचं. सगळी त्याच खोलीत जन्मली आणि तिथंच गेली. त्यांना घोडनदीच्या काठी बाभळीखाली पुरलं. सासूबाई म्हणायच्या, सटवाईनं नेली. बारसं होण्याआधीच गेली, म्हणून त्यांना नावं नव्हती, आणि नावं नव्हती म्हणून घरात त्यांचा विषयही निघत नसे.

त्या दिवसांत गावाजवळच्या पांढरीच्या टेकाडावर पुण्याहून माणसं येऊन जुनी वस्ती उकरत होती. तंबू ठोकले होते, आणि मातीच्या पाट्या उचलायला गावातल्या बायका रोजानं जात होत्या. आम्ही दोघी जावाही जायला लागलो. एका सकाळी सगळे एका खड्ड्याभोवती गोळा झाले. जुन्या घराच्या जमिनीखाली दोन मडकी निघाली होती, तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली. आत तान्ह्या मुलाची हाडं होती, चिमणीच्या हाडांसारखी.

पुण्याची एक मुलगी ब्रशनं माती झाडत होती. तिनं आम्हाला समजावून सांगितलं की हजारो वर्षांपूर्वी इथली माणसं लहान मूल गेलं तर असंच घरात पुरायची.

आक्का पुढे झाल्या. "घरातच?"

"हो. राहत्या घरात, जमिनीखाली."

"आन् वर निजायची, रांधायची?"

"हो."

आक्का त्या मडक्यांपाशी वाकल्या. मग म्हणाल्या, "मग त्या बायास्नी कुणी येडी म्हनत नव्हतं?"

आक्कांनी पाटी खाली ठेवली आणि घरी निघून गेल्या. पुन्हा त्या टेकाडावर आल्या नाहीत.

दोनचार दिवसांनी मी दुपारी घरी आले तर आतल्या खोलीचा कोपरा उकरलेला. शेजारी कुंभाराकडची नवी मडकी, आणि आक्का कोपरापर्यंत मातीनं भरलेल्या. नदीवर जाऊन आल्या होत्या. बाभळ केव्हाच वाहून गेली होती, पुरानं काठच तुटून आत सरकला होता. हाताला काही लागलं नाही, तेव्हा तिथली ओली रेती पदरात बांधून आणली होती. ती त्यांनी मूठमूठ करून मडक्यांत घातली, तोंडाला तोंड जुळवलं आणि पुरून टाकली. वर शेणानं सारवलं. मी दारात उभी होते. मला म्हणाल्या, "नदीकडनं आवाज लांबनं यायचा. आता जवळ आली."

सासूबाईंनी हे पाहिलं आणि डोक्याला हात लावला. मला दिवस गेले होते. आक्कांची सावली माझ्यावर पडू नये म्हणून त्यांनी मला चुलीपाशी निजायला लावलं. तरी बाळंतपण मात्र रिवाजाप्रमाणे आतल्या खोलीतच करायचं ठरलं. घरातली सगळी बाळंतपणं सासूबाई स्वतः करत.

सातवा महिना सरता सरता सासूबाई खोली झाडायला गेल्या, तेव्हा आक्का जमिनीवर आडव्या पडल्या होत्या. त्या उठेनात.

"आत्याबाई, हिचं हितं करू नका. हिला दौंडला धाडा. सरकारी दवाखान्यात."

"का गं? माझी सगळी हितंच झाली."

"हितं आता जागा न्हाई," आक्का म्हणाल्या. आवाज शांत होता, कणगीत ज्वारी मावत नाही म्हणावं तसा. मी दारातच थांबले. सासूबाई चटकन बाहेर आल्या, आणि दुसऱ्या दिवशी नवऱ्यानं मला एस.टी.त बसवलं.

दौंडच्या दवाखान्यात नर्सबाईंनी मला धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. घरात मुलं गेली आहेत का, असं विचारलं. मी आक्कांचं सांगितलं. त्यांनी सुई खाली ठेवली. "नाळ कशानं कापतात?"

"विळ्यानं. वर चुलीतली राख लावतात."

त्या म्हणाल्या, "सटवाई नाही बाई ती. त्या विळ्यातून येतं ते." आमच्या पिढीतल्या पुष्कळ बायकांना हे असं कुणाच्या तरी तोंडून, उशिरा कळलं. माझा मुलगा जन्मला, बारसं झालं, पालथा पडायला लागला. मी रोज त्याचा जबडा उघडून पाहायची.

बाळाला घेऊन इनामगावला आले. आक्कांनी त्याला उराशी धरलं, पण आतल्या खोलीच्या उंबऱ्याच्या आत एकदाही नेलं नाही. दोघीच होतो, तेव्हा नर्सबाई काय म्हणाल्या ते मी त्यांना सांगितलं. आक्का बाळाच्या टाळूवर तेल जिरवत राहिल्या.

"मला ठाव हाय," त्या म्हणाल्या.

"कुणी सांगितलं?"

"त्यांनीच. लोखंड लई गार लागलं म्हनत्यात."

मी विचारलं, "मग आत्याबाईंना कधी बोलला नाहीत?"

"काय बोलू? त्यांच्याच हातानं झालं. म्हातारीला जगू दे."

पण ते सासूबाईंपर्यंत पोचलंच. पुढे गावात नर्स येऊ लागली. शाळेच्या ओट्यावर बायकांना बसवून तिनं विळ्याचं आणि राखेचं सगळं समजावून सांगितलं. सासूबाई पुढेच बसल्या होत्या. घरी आल्या आणि जेवल्या नाहीत. खुंटीवरचा विळा कुठं गेला, ते कुणी विचारलं नाही.

त्यानंतर वर्षभरात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. तोवर आम्ही दौंडला बिऱ्हाड केलं होतं, मी इनामगावला येऊनजाऊन असायचे. घरात गार जागा ती एकच, म्हणून त्यांची बाज आतल्या खोलीत टाकली. त्या एका हातानं बाजेची कड धरून म्हणायच्या, "मला हितं ठिवू नका." उन्हाळा असा होता की बाहेर पत्र्याखाली माणूस टिकला नसता. आक्का त्यांचं सगळं करायच्या. अंग पुसणं, कूस बदलणं, भाताची पेज चमच्यानं भरवणं. आक्कांच्या चेहऱ्यावरून मला काहीच समजत नसे, आणि ते पाहून मला कधीकधी भीती वाटायची.

मी मुलाला घेऊन इनामगावला गेले होते, त्या दिवशी भर दुपार होती. दारातून ऊन जमिनीवर आलं होतं. सासूबाईंनी अचानक डोळे उघडले.

"थोरले, लेकरं का रडत्यात गं?"

माझा मुलगा बाहेर थोरल्या भाऊजींजवळ खेळत होता, हसत होता. दुसरं मूल घरात नव्हतं. मी आक्कांकडे पाहिलं.

"कुठं रडत्यात?" आक्का म्हणाल्या.

"ही काय. खाली. लई हायत." सासूबाईंच्या डोळ्यांतून पाणी येऊन कानात जात होतं. "मी मारली गं तुझी. माझ्या हातानं."

आक्का बाजेवर बसल्या. त्यांनी सासूबाईंचं डोकं मांडीवर घेतलं आणि दोन्ही कानांवर आपले तळवे ठेवले. "तुमी न्हाई मारली, आत्याबाई. तवा कुनालाच ठाव नव्हतं. पोरं रडत न्हाईत. खेळत्यात. निजा तुमी."

सासूबाई निजल्या. दोन दिवसांनी गेल्या, तेव्हाही आक्कांच्या मांडीवरच होत्या.

तेरावं झाल्यावर मी निघाले. आक्का एस.टी.च्या थांब्यापर्यंत आल्या. गाडीला उशीर होता. मी धीर करून विचारलं, "आक्का, त्या दुपारी तुम्हालाही रडणं ऐकू आलं होतं?"

त्यांनी माझ्या मुलाचं नाक पदरानं पुसलं.

"न्हाई. त्या दुपारपास्नं बंदच झालं. म्हातारीनं समदी संगं नेली जनू." मग म्हणाल्या, "चांगलंच झालं म्हना. तिला तिथं करमंल."

गाडी आली. मी चढले, खिडकीशी बसले. आक्का खाली उभ्या होत्या, हात कुठं ठेवावेत ते न कळल्यासारख्या.

"आन् मला गं?" त्या म्हणाल्या.