गुरुजींना काहीच येत नाही

शेषेराव गुरुजींना प्रोजेक्टर चालवता येत नाही, हे त्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. कंधारच्या फाट्यावरून चार किलोमीटर आत गाव. गावाने वर्गणी करून शाळेला प्रोजेक्टरवर चालणारा स्मार्ट बोर्ड घेतला, त्याला हळदकुंकू लावून नारळ फोडला, आणि चालवायला मिळाले हे! रिमोट उलटा धरणार, आवाज वाढवायला जाऊन पडदा काळा करणार. पारावर लोक हळहळत.

खरी गोष्ट फक्त त्यांच्या बायकोला, कस्तुराबाईंना माहीत होती. हेच गुरुजी घरी लॅपटॉपवर गणिताचे व्हिडिओ बनवत आणि मास्तरांच्या ग्रुपवर नाव न घालता सोडून देत. अपूर्णांकाच्या व्हिडिओत भाकरी थापणारे हात कस्तुराबाईंचेच होते.

"वेड पांघरून पेडगावला जायचं वय हाय का हे तुमचं?" त्या विचारत. गुरुजी मिशीतल्या मिशीत हसत.

सुरुवात मात्र खऱ्या चुकीने झाली होती. बोर्ड आला त्या आठवड्यात गुरुजींनी भलतंच बटण दाबलं आणि चित्र डोक्यावर उभं राहिलं. अख्ख्या वर्गाने माना वाकड्या केल्या. "हो गुरुजी"पलीकडे न बोलणारा हा वर्ग. पण शेवटी प्रेमला राहवलं नाही. "गुरुजी, त्याच्या बाजूचं बटन दाबा की!" मग सुकन्या बोलली, मग सगळेच बोलले. चौतीस वर्षांच्या नोकरीत पोरं एवढी बोललेली त्यांनी ऐकली नव्हती. आपण चुकलो की पोरांना कंठ फुटतो, हे त्यांनी हेरलं आणि दुसऱ्या दिवसापासून ते मन लावून चुकू लागले. चुकायलाही तयारी लागते. उद्या कुठे कुठे चुकायचं, हे ते आदल्या दिवशी वहीत टिपून ठेवत.

एकटी विशाखा दोन वर्षं झाली तरी बोलेना. चौथीतली ही पोरगी घरी कोंबड्यांशीसुद्धा भांडायची, पण वर्गात ब्र काढायची नाही. हजेरीलाही नुसता हात वर.

"शाळंच्या दारात जीभ काढून ठेवती का काय की हो गुरुजी," तिची आजी नागुबाई म्हणायची.

मे महिन्यात गुरुजी निवृत्त होणार होते. जूनपासून विशाखा कंधारच्या मोठ्या शाळेत जाणार. तिथे साठ पोरांत या मुक्या पोरीकडे कोण बघणार? या एका विचाराने त्यांचा जीव तुटे. तिच्यासाठी त्यांनी एकाहून एक सुरेख चुका करून पाहिल्या. तिचे ओठ हलत, मुठी आवळल्या जात, पण आवाज काही फुटत नसे.

अशात फेब्रुवारीत विस्तार अधिकारी मृत्युंजय साहेब तपासणीला आले. गुरुजींची ही शेवटची तपासणी. आजवर त्यांच्याबद्दल कुणी वावगा शब्द लिहिला नव्हता आणि त्याचा त्यांना अभिमान होता, उगाच नाही कशाला म्हणा. आज सरळ वागीन, असा कस्तुराबाईंना शब्द देऊनच ते घरून निघाले होते.

"गुरुजी, बोर्डावर अपूर्णांक घ्या," साहेब म्हणाले.

गुरुजींनी रिमोट उचलला, चक्क सुलटा. तेवढ्यात त्यांची नजर विशाखावर गेली. पोरगी पहिल्या रांगेत अर्धवट उठली होती. आज साहेबांसमोर आपल्या गुरुजींची फजिती होणार, या भीतीने तिचा चेहरा रडवेला झाला होता.

गुरुजींनी रिमोट उलटा केला.

तीनदा पडदा काळा झाला, चौथ्यांदा भाकरी उमटली. गुरुजींनी घसा खाकरला. "आता बघा. चार हे दोनापेक्षा मोठे. म्हणून पाव भाकरी ही अर्ध्या भाकरीपेक्षा मोठी."

साहेबांचं पेन थांबलं. एरवी अशा चुकीवर तुटून पडणारी पोरं साहेबांच्या धाकाने गप्प बसली.

"न्हाई ओ गुरुजी!"

आवाज एवढा खणखणीत होता की साहेब दचकले. विशाखा तरातरा पुढे आली आणि तिने गुरुजींच्या हातातलं बोर्डाचं पेन ओढून घेतलं. "चार जनांत वाटली तर तुकडा ल्हान व्हतो! असं काय करून राहिले तुमी? हे बघा." तिने पडद्यावरची भाकरी कापली, तुकडे सरकवले, एकावर एक ठेवून दाखवले. मधेच मागे वळून म्हणाली, "सायब, जरा सरका की. तुमची सावली पडून राहिली." साहेब सरकले. दोन वर्षं साठलेलं सगळं ती बोलत होती. गुरुजी खिडकीकडे तोंड करून धोतराच्या सोग्याने चष्मा पुसत राहिले.

साहेबांनी शेरा लिहिला: विद्यार्थी उत्तम. शिक्षकांना तंत्रज्ञान व विषय दोन्हींचं प्राथमिक ज्ञान नाही. पाच दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवावे. गुरुजींनी खाली सही केली. वाईट वाटलंच. चौतीस वर्षांच्या पांढऱ्या कापडावर जाता जाता डाग पडला होता.

"अन् तुमी गप बसलात?" कस्तुराबाई कडाडल्या.

"ती बोलली ना," गुरुजी म्हणाले. कस्तुराबाईंनी गरम भाकरी वाढली, वर लोण्याचा गोळा ठेवला.

गुरुजी प्रशिक्षणासाठी नांदेडच्या बसमध्ये बसत असताना विशाखाने त्यांच्या हातात वहीचं एक पान कोंबलं.

प्रशिक्षणात त्यांना मागच्या बाकावर बसवलं. पडद्यावर भाकरी थापणारे ओळखीचे हात दिसले, तेव्हा गुरुजींनी हळूच डबा उघडून बघितला. भाकरी तीच होती. शिकवणारा तरुण मास्तर, सोमेश, जवळ येऊन मोठ्या आवाजात म्हणाला, "काका, घाबरू नका. जमतंय का बघा चालू करायला."

गुरुजींनी खिशातून ते पान काढलं. त्यावर रिमोटचं चित्र होतं, बटणांना आकडे दिले होते आणि तळाशी लिहिलं होतं: नाही जमलं तर लाजू नका, विचारा. एकेका आकड्यावर बोट ठेवत, पानात बघून, गुरुजींनी प्रोजेक्टर लावला. एकही चूक केली नाही.

"अरे वा! कुणी शिकवलं, काका?"

"हायेत एक मॅडम," गुरुजी पानाची घडी घालत म्हणाले. "चौथीत बसतात."