अँटेनावरची भागूबाई

थोरली बहीण त्याला लहानपणापासून 'भागूबाई' म्हणायची. पाल दिसली की हा पलंगावर! असा माणूस रेडिओ दुर्बिणीवर मेकॅनिक म्हणून लागला, तेव्हा ताईला हसू आवरेना. "अरे, शिडी तरी चढवेल का तुला?"

पाय लटपटायचे, पण तो चढायचा. एकेक बोल्ट दोनदा तपासायचा.

तिथल्या अँटेना फार जुन्या लहरी टिपायच्या. विश्व अगदी तान्हं होतं, पहिले तारे पेटायचे होते, तेव्हा हायड्रोजन वायूतून निघालेल्या. त्या इतक्या क्षीण, की जवळ एक मोबाइल सुरू असला तरी बुडून जायच्या. म्हणून फोन फाटकावरच जमा करायचे. वॉकीटॉकीलाही बंदी.

एका दुपारी तो अँटेनाच्या आभाळाकडे तोंड केलेल्या भल्यामोठ्या थाळीत, जाळीवर गुडघे टेकून, मधल्या खांबाचे बोल्ट बदलत होता. एकाएकी पाना घरंगळला. पाठोपाठ नटांचा डबा. थाळी कलत होती! दुरुस्तीसाठी ती बंद ठेवायची होती. पण कंट्रोल रूममध्ये नंबराची गफलत होऊन शेजारचीच बंद झाली होती.

त्याने खांबाला मिठी मारली आणि तो जिवाच्या आकांताने ओरडला. वाऱ्यात कोणाला ऐकू जाणार? पाय सुटले, खांबाला अडकवलेला कमरेचा पट्टा करकचून ताणला गेला आणि तो लोंबकळू लागला. लेकीचा चेहरा डोळ्यांसमोर आला. "आई गं, आई गं," एवढंच तोंडातून निघत होतं.

ड्रिल मशीन दोरीने पट्ट्याला बांधलेलं होतं. त्यातल्या ठिणग्यांमुळे रेडिओत खरखर येते, यावरून त्याने पूर्वी बोलणी खाल्ली होती. त्याने बटण दाबलं, सोडलं, दाबलं, सोडलं.

कंट्रोल रूममधल्या बाईंच्या पडद्यावर पांढऱ्या रेघा उमटल्या. "आता कोण ड्रिल चालवतंय?" त्या करवादल्या, आणि रेघा कलत्या थाळीकडूनच येताहेत हे दिसताच पांढऱ्याफटक पडल्या. "अगं बाई! वर माणूस आहे!"

थाळी थांबली.

खाली उतरवलं तेव्हा तो मातीतच बसला. बाई रडत माफी मागत होत्या.

तो पुन्हा वर गेला नाही. आता वर्कशॉपमध्ये थाळ्या फिरवणाऱ्या मोटारी दुरुस्त करतो. वर चढणाऱ्याने थाळीच्या मोटारीची किल्ली स्वतःच्याच खिशात ठेवायची, हा नियम मात्र त्याने साहेबांशी भांडून करून घेतला.

अजूनही जेवताना खुर्ची जराशी डुगडुगली की त्याचा हात टेबलाची कड गच्च धरतो.

"बाबा, काय झालं?" लेक विचारते.

"काही नाही गं, तू जेव," म्हणत तो दोन्ही पावलं फरशीवर दाबून बसतो.