सायरन दुरुस्त न केल्याबद्दल

वडील गेल्यावर आई नऊ वर्षं माझ्याकडे लातूरला होती. मग धाकट्या बहिणीने नांदेडला घर बांधलं. वास्तुशांतीला म्हणून आई गेली, महिनाभर राहते म्हणाली आणि तिथलीच झाली. भांडण वगैरे काही झालं नव्हतं. फोनवर ती सहज म्हणाली, "इथं नळाला रोज पाणी हाय गं. दोन दोन बादल्या घेऊन आंघोळ करते." आमच्याकडे नळ आठ-दहा दिवसांनी येतो. त्यात माझा काय दोष? तरी ते वाक्य कितीतरी दिवस माझ्या डोक्यातून गेलं नाही. ती बोलता बोलता "आमच्या इथं" म्हणायची, आणि ते "इथं" म्हणजे नांदेड असायचं, ते तर मला मुळीच सहन व्हायचं नाही.

मी ज्युनिअर कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये असिस्टंट आहे. मल्टिमीटर, सोल्डरिंग, फ्यूज हे माझं रोजचं काम, त्यामुळे नातेवाइकांची इस्त्री असो की मिक्सर, सगळं माझ्याकडे येतं. मे महिन्याच्या सुट्टीत बहिणीचा फोन आला.

"अक्का, आमचं ते चोराचं अलार्म येडं झालंय. लाइट जाऊन आली की बोंबलतंय. आईला लई त्रास होऊन राहिला. बसवणारा दोनदा येऊन गेला, सेन्सरवर पाल फिरते म्हणतो. तू एकदा बघून जा न."

बहिणीने मला कामासाठी का होईना बोलावलं, याचा आनंद व्हायला हवा होता. मला आनंद झाला तो "आईला त्रास होऊन राहिला" या शब्दांचा. एसटीत बसून मी तेच घोळवत होते. त्या घरात एक तरी गोष्ट आईला नकोशी आहे, असं मनात येत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते प्रत्यक्ष पाहिलं. आई तिच्या खोलीत पूजेला बसली होती. पूर्वेची खिडकी, कोपऱ्यात छोटा चौरंग, सगळं तिच्या उंचीला बेतून केलेलं. तळहातावर इष्टलिंग घेऊन ती डोळे मिटून बसली होती, तेवढ्यात लाइट गेली. इन्व्हर्टरवर पंखा फिरत राहिला. दहा-बारा मिनिटांनी लाइट आली आणि हॉलमधला सायरन असा सुरू झाला की माझ्या हातातला कप हिंदकळला. आईने लिंग वस्त्रात गुंडाळून ठेवलं, भिंतीला धरत हॉलमध्ये गेली आणि दाराजवळच्या बटणांच्या पाटीवर चार आकडे दाबले. सायरन थांबला. "रोजचंच हाय," ती म्हणाली, पण श्वास चढला होता.

बहीण आणि तिचा नवरा कामावर गेल्यावर मी स्टूल घेतलं. आई खुर्ची ओढून शेजारी बसली. आधी दारंखिडक्या उघडल्याचं टिपणारे लोहचुंबक बघितले. सगळे जागेवर होते. हॉलच्या कोपऱ्यात हालचाल टिपणारा सेन्सर होता, तो काढून पुसला. पाल काही दिसली नाही. मग हे सगळं ज्याला जोडलेलं होतं, त्या भिंतीवरच्या डब्याचा मेन स्विच बंद केला. आत बॅटरी असते, त्यामुळे पाटीवरचा हिरवा दिवा तसाच राहायला हवा होता. तो लगेच विझला.

म्हणजे बॅटरीची वीज डब्याला मिळत नव्हती. लाइट गेली की डबा पूर्ण मरायचा. त्यातून हा इन्व्हर्टरच्या लाइनवर घेतलेलाच नव्हता. लाइट आली की तो झोपेतून दचकून उठल्यासारखा नव्याने सुरू व्हायचा आणि समजायचा, घरात कुणी शिरलंय.

मी झाकण उघडलं. बॅटरीवर मीटर लावलं, बारा व्होल्टच्या वर दाखवत होतं. बॅटरी ठणठणीत. बोर्डाच्या टोकाला लावलं तर शून्य. बोटाने लाल तार हलवली, तर तिची क्लिप बॅटरीच्या टोकावर डुगडुगत होती आणि तिच्यावर पांढरी पूड साचली होती. पॉलिश पेपरने घासायचं आणि पक्कडीने क्लिप आवळायची, एवढंच काम होतं. पक्कड माझ्या हातातच होती.

मागून आई म्हणाली, "नीट हुईल का गं ते? न्हाई झालं तर मी येते तुझ्यासंगं लातूरला. माझं काळीज लकलक करून राहिलंय ह्या डब्यापायी."

मी पक्कड पिशवीत टाकली आणि झाकण लावलं.

"बोर्ड गेलाय आई. नवा मागवावा लागेल."

इतकी वर्षं पोरांना प्रयोग शिकवले, खोटं रीडिंग लिहिलं तर वही परत फेकली, आणि हे वाक्य मी एकदाही न अडखळता बोलले.

संध्याकाळी बहिणीलाही तेच सांगितलं. ती म्हणाली, "मग तोवर बंदच करून ठेवते." आणि लगेच स्वतःच म्हणाली, "पण आई दिवसभर एकटी. मागच्याच गल्लीत दुपारची चोरी झाली. अलार्म न्हाई म्हणल्यावर माझा जीव थाऱ्यावर राहायचा न्हाई."

"मी नेते तिला. बोर्ड येईपर्यंत," मी म्हणाले.

पहिले चार दिवस माझे फार सुखात गेले. आईसाठी बेलाची पानं आणायची, पाणी तापवून द्यायचं, तिची लुगडी धुऊन वाळत घालायची, जेवण ताटात वाढून हातात द्यायचं. तिला मी जागचं उठू दिलं नाही. शेजारीण आली की तिच्यासमोर हे सगळं जरा जास्तच करायचे.

पाचव्या दिवशी दहाच्या सुमारास आई एकदम म्हणाली, "आता निघाली असतील ती दोघं. घर कोण बघून राहिलं असंल?" मग बसायला आलेल्या शेजारणीला सांगू लागली, "मला शाळा न्हाई, पर ते आकडे मी शिकले. मी लावून देते अलार्म, मंग ती निवांत जातात. माझ्याबिगर कुणाला जमत न्हाई." हे सांगताना तिचा चेहरा खुलला होता. शेजारीण माझ्याकडे बघून कौतुकाने हसली. मला त्या डब्याचा हेवा वाटला. एवढ्या बोंबलणाऱ्या डब्याबद्दल ती अशी बोलते, आणि माझ्याबद्दल ती कुणाला काय सांगते?

आठव्या दिवशी बहिणीचा फोन आला.

"अक्का, इकडचा एक इलेक्ट्रिशियन आणला होता. दहा मिनिटांत नीट झालं. लाल तारेची क्लिप सैल होती म्हणे."

"हं."

"पांढरं साचलं होतं म्हणे तिच्यावर. तुला दिसली न्हाई?"

सुट्टीतल्या सामान-मोजणीसाठी कॉलेजात आले होते, लॅबच्या दारात उभी होते. नाही म्हणता आलं असतं.

"दिसली होती."

"मग?"

"आई येते म्हणाली. म्हणून तशीच ठेवली."

तिने फोन ठेवून दिला. दोन दिवस तिचा फोन आला नाही आणि मीही केला नाही. रविवारी ती एकटीच एसटीने आली. आईसमोर हसून बोलली, जेवली. मग स्वयंपाकघरात माझ्या शेजारी उभी राहून भांडी पुसायला लागली.

"मागायचं होतं न अक्का," ती हळू म्हणाली. "आईला चार महिने पाठव म्हणून. मी न्हाई म्हणले असते का?"

"तू म्हणाली नसतीस. आई म्हणाली असती."

हातातलं ताट पुसून झालं तरी ती ते पुसतच राहिली. माझं खरं दुखणं काय आहे ते मी पहिल्यांदाच मोठ्याने बोलले होते, आणि तेही तिच्याजवळ. ताट फळीवर ठेवून ती म्हणाली, "आईला सांगू नको." मी मान हलवली.

आईने आपली पिशवी आपणच भरली. मी तिच्याजवळ जाऊन बसले आणि विचारलं, "आई, इथंच राहा की."

"तुला लई काम पडतंय माझं."

"नाही पडत."

"पडतंय. अन् मला नुसतं बसून राहावं लागतंय. बसून माणूस जड होतंय बाई." तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "श्रावणात येते."

स्टँडवर दोघी एसटीत खिडकीशी बसल्या. बहिणीने आईचा पदर खिडकीत अडकू नये म्हणून आत ओढला. एवढीशी गोष्ट, पण मला वाटलं, तो मी ओढायचा होता.

श्रावणात आई खरोखर आली. या वेळी मी तिला पाण्याच्या मोटारीचं काम दिलं. नळ आला की मोटार लावायची, टाकी भरली की बंद करायची. पहिल्याच खेपेला टाकी ओसंडून पाणी गल्लीत गेलं. लातुरात असं पाणी सांडणं म्हणजे सगळ्या गल्लीशी वैर. समोरची बाई बोलायला आली. मी पुढे होणार, तेवढ्यात आईच दारात गेली आणि म्हणाली, "माझ्या हातून झालं. पुढच्या खेपेला न्हाई होणार." मी मागेच थांबले. पुढच्या वेळी नळ यायच्या आधीच ती स्टूल घेऊन मोटारीजवळ बसली होती.

ती बारा दिवस राहिली. बहिणीकडे दोन-अडीच महिने आणि माझ्याकडे बारा दिवस, हा हिशेब मी अजूनही मनात करते. हेवा कमी झाला असं म्हणणार नाही. जाताना मी तिला एसटीत बसवलं, तिच्या शेजारची खिडकी लावली आणि बस सुटेपर्यंत खाली उभी राहिले.